पोर्चमधला सॉकेट

अण्णा, मी पास झाले. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणजे बातमी द्यायला तसा उशीरच झालाय. पण सर्टिफिकेट हातात आलं की पहिल्यांदा तुम्हालाच दाखवायचं असं मी ठरवून टाकलं होतं, म्हणून आज सकाळची सगळी कामं बाजूला सारून स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसले आहे. समोर ते सर्टिफिकेट आहे. कोपरा चहाने थोडा भिजला, तो मघाशीच पुसला. त्यावर माझं नाव छापलंय आणि खाली असं लिहिलंय की ही बाई घरगुती वायरिंगचं काम स्वतः करू शकते, स्वतः तपासू शकते आणि त्यावर स्वतःची सही करू शकते. स्वतःची सही, अण्णा. गेली तीन वर्षं मी दुसऱ्याच्या हाताखाली राबत होते. भिंती मी फोडायच्या, वायरी मी ओढायच्या आणि कागदावर सही मात्र त्या ठेकेदाराची. तो पोरगेला माणूस माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि मीटर उलटा धरला तरी त्याला कळत नसे. ते आता संपलं. ज्या धंद्यातून तुम्ही मला बाराव्या वर्षी बाहेर काढलंत, त्याच धंद्यात मी चव्वेचाळिसाव्या वर्षी तुमच्या नाकावर टिच्चून परत आले आहे.

इथला, म्हणजे इंग्लंडमधला, कायदा तुम्हाला सांगायला हवा, कारण तुम्हाला तो आवडला असता. गेल्या वर्षापासून इथे असं झालंय की घराबाहेर, म्हणजे पोर्चमध्ये किंवा बागेत, नवा सॉकेट काढायचा तर एकतर आधी कौन्सिलला कळवायचं, मग त्यांचा माणूस येऊन तपासणार. नाहीतर रजिस्टर झालेल्या माणसाकडून करून घ्यायचं. आत बैठकीच्या खोलीत जुन्या सॉकेटशेजारी आणखी एक बसवला तर कोणी विचारायला येत नाही. बाहेरचं मात्र वेगळं. बाहेर पाऊस असतो, ओली जमीन असते, आणि त्या ओल्या जमिनीवर गवत कापायचं मशीन हातात धरून माणूस उभा असतो. म्हणून बाहेरच्या सॉकेटला असं झाकण लागतं, की प्लग लावलेला असतानाही ते घट्ट बंद होईल. आणि मागे आरसीडी नावाचा स्विच लागतो. वीज जरा कुठे जमिनीकडे गळायला लागली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत हा स्विच पडतो आणि माणूस वाचतो. तुमच्या काळात इचलकरंजीत असा स्विच कोणी बघितलासुद्धा नव्हता. तुमच्याकडे होती ती फक्त जमीन, तिच्यात पुरलेला पाइप, मीठ आणि कोळसा.

तुमचं दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. दाराला लागून लाकडी बाक, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या वायरींच्या गुंडाळ्या, आणि आत मोटारीच्या जळलेल्या वार्निशचा वास. शाळा सुटली की मी घरी न जाता तिथेच येते. तुम्ही काही न बोलता पक्कड माझ्याकडे सरकवता आणि मी वायरीचं टोक सोलायला बसते. तांब्याच्या तारेला चरा पडता कामा नये. पडला की तुम्ही ती तार माझ्यासमोर दोनदा वाकवायचात, ती तुटायची, आणि तुम्ही फक्त माझ्याकडे बघायचात. अकराव्या वर्षी मला जोड पिळता येत होता. कथील लावून झाळता येत होता. कुठल्या यंत्रमागाची मोटार किती वीज ओढते ते तोंडपाठ होतं. मागवाले शेटजी म्हणायचे, "वायरमन, पोरगी तुमच्यावर गेलीय," आणि तुम्ही हसायचात. ते हसू माझ्यासाठी होतं हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि मग तो मे महिना. नव्या मागांच्या शेडचं काम तुम्ही केलं होतं, आजवरचं सगळ्यात मोठं, आणि सरकारी इन्स्पेक्टर अर्थिंग तपासायला येणार होता. त्यावर ते काम पक्कं व्हायचं होतं आणि तुमचं लायसन्सही पुढे चालायचं होतं. शेडच्या मागे तुम्ही खणलेला खड्डा, त्यात मीठ-कोळशाचे थर, मधे पाइप आणि पाइपाच्या तोंडाला नरसाळं. त्या नरसाळ्यातून रोज पाणी घालायचं, म्हणजे माती ओली राहते आणि वीज सुखाने जमिनीत जाते. पण रोज पाणी घालणार कोण? उन्हाळ्यात प्यायला पाणी नव्हतं. माती कोरडी ठणठणीत. तुम्ही मला सकाळीच म्हणालात, "मोजून पाच बादल्या वत. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई." मी विहिरीवरून ओढून मोजून पाच ओतल्या. अकरा वाजता इन्स्पेक्टर आला, त्याने पेटीतला मीटर काढून दांडा फिरवला, काट्याकडे बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "ऐन उन्हाळ्यात एवढं चांगलं रीडिंग? वा!" मला वाटलं, आता माझंही कौतुक होणार. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, मी सकाळपासून पाच बादल्या ओतल्यात."

इन्स्पेक्टर हसला. त्याने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "आठ दिवसांनी येतो. तोवर पाणी घालू नका." आठ दिवसांनी काय व्हायचं ते झालं. शेडचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि तुमचं लायसन्स पुढचे सहा महिने लटकलं. त्या पहिल्या दिवशी घरी येताना तुम्ही सायकल हातात धरून पुढे चालत होतात आणि मी मागे. तुमचा शर्ट पाठीला चिकटला होता. दुकानाच्या पायरीशी थांबून तुम्ही मागे न बघता म्हणालात, "उद्यापासनं दुकानात पाय ठिवायचा न्हाई. ह्या धंद्याला तोंड बंद ठेवणारा माणूस लागतो." आईला मात्र तुम्ही वेगळंच सांगितलंत, की पोरीच्या जातीला हे काम शोभत नाही, मोठी व्हायला लागली. तुम्ही मला मारलं नाहीत, नंतर बोलणंही सोडलं नाहीत. मला शिकवलंत, बी.कॉम. केलंत, लग्नात काही कमी पडू दिलं नाहीत. दुकानाचं दार तेवढं बंद झालं ते झालंच. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तुम्ही ताटावरून उठलात, मग मी विचारलं नाही.

लग्न होऊन मी लेस्टरला निघाले तेव्हा तुम्ही मला एक एक्स्टेन्शन बोर्ड करून दिलात, आठवतं? सागाच्या फळीवर तीन सॉकेट, पितळी स्क्रू, आतले जोड एवढे सुबक की बंद करून टाकायला जीव होऊ नये. म्हणालात, "तिकडं कसली वायरिंग असतेय कुणास ठाऊक." इथे आल्यावर कळलं, तुमच्या प्लगला गोल पिना आणि इथल्या भिंतीला चौकोनी भोकं. बोर्ड कशालाच लागेना. मी तो मांडीवर घेऊन आधी खूप हसले आणि मग तेवढीच रडले. पुढची पंधरा वर्षं मी होजिअरीच्या फॅक्टरीत मोज्यांच्या मशीनवर काढली. ती बंद पडली तेव्हा सगळ्या बायका शिवणकामाला किंवा वेअरहाउसला गेल्या आणि मी कॉलेजच्या संध्याकाळच्या इलेक्ट्रिकल कोर्सला नाव घातलं. घरात कोणाला खरं वाटेना. यजमान म्हणाले, "अगं, चाळिशीला आलीस, हे काय काढलंस?" वर्गात सगळी विशी-बाविशीतली मुलं आणि मधे मी, चष्मा लावलेली. पहिल्या दिवशी मास्तरांनी वायर सोलायला सांगितली. माझी बघून त्यांनी सगळ्या वर्गात फिरवली. एक चरा नव्हता, अण्णा.

आता मुद्द्याचं सांगते. रजिस्टर व्हायचं तर परीक्षा वेगळी असते. आपण केलेलं एक काम दाखवायचं आणि त्यांचा तपासनीस प्रत्यक्ष त्या घरी येऊन, मीटर लावून, प्रत्येक आकडा स्वतः बघतो. नापास झालं की पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, आणि तोवर पुन्हा त्या पोरगेल्याची सही. मी काम निवडलं ते लेस्टरच्या बाहेर एका खेड्यातल्या मराठी काका-काकूंचं. काका तुमच्याच मुलखातले, तरुणपणी साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते, मग इथे येऊन बस डेपोत तीस वर्षं काढली. काकू मंडळाच्या गणपतीला मोदक करतात. त्यांना पोर्चमध्ये सॉकेट हवा होता, दिवाळीच्या आकाशकंदिलासाठी.

तो कंदील बघून मी आधी त्याची वायर कुठून कुठे जाते ते शोधत गेले. कागदाचा कंदील इथल्या पावसात टिकत नाही म्हणून काकांनी स्वतः अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा करून त्याला रंगीत प्लास्टिक लावलेलं. त्यातून साधी दोन तारांची वायर निघते ती दाराला पत्रं टाकायची जी फट असते तिच्यातून हॉलमध्ये. मधेच वायर कमी पडली म्हणून जोड, आणि जोडावर ब्रेडची रिकामी पिशवी, तिला वरून इथले पोस्टमन रस्त्यात टाकून जातात ती लाल रबरबँडं. काकू चकलीचा सोऱ्या हातात घेऊन कौतुकाने सांगत होत्या, "एकोणीस वर्षं असंच लावतोय गं. फक्त दरवर्षी पोस्टमनला वॉर्न करावं लागतं, की बाबा, वायर पुल करू नकोस."

"आणि पाऊस आला की?"

"मग ह्यांना पाठवते ना बाहेर, पिशवी नीट करायला."

"कंदील चालू असताना?"

"अगं, दिवाळीत कंदील कोण बंद करतं!" काकू म्हणाल्या, आणि मी पेटीतून मीटर काढला.

खरी गंमत पुढेच होती. घराला अर्थिंगच नव्हतं. जुन्या काळी इथे पाण्याच्या लोखंडी पाइपला अर्थची तार बांधत. मधे कधीतरी रस्ता खणून पाणीवाल्यांनी तो पाइप बदलून निळा प्लास्टिकचा टाकला, आणि तेव्हापासून ती तार नुसतीच शोभेला होती. कोणाच्या लक्षातही आलं नाही. एकोणीस दिवाळ्या काका ओल्या फरशीवर उभे राहून तो धातूचा कंदील हाताने सरळ करत आले होते. मी त्यांना तसं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "देव आहे म्हणायचा." मी म्हटलं, "काका, देवाला आता थोडी सुट्टी देऊ या."

चार दिवस खपून मी सगळं नीट केलं. नवा आरसीडी, भिंतीतून बाहेरच्या बाजूला उतरती नळी, म्हणजे पाणी आत येऊ नये, पोर्चमध्ये झाकणाचा सॉकेट. आणि अर्थिंगसाठी पोर्चच्या कडेला जमिनीत ठोकलेली तांब्याचा मुलामा दिलेली सळई, चार फुटांची, तिच्या तोंडावर झाकण. तपासणीच्या आदल्या दुपारी मीटर लावला, तर तीनशेचाळीस ओहम. आमच्या पुस्तकात म्हटलंय की दोनशेच्या वर गेलं तर त्या सळईचा भरवसा नाही. स्विच तीनशेचाळीसला पडला असता, नाही असं नाही. पण माती आणखी सुकली, आणखी गारठली, तर पुढचं कोणी सांगावं? पोर्चच्या कडेला घर बांधताना गवंड्यांनी विटांचे तुकडे आणि खडी भरलेली असणार. छपराच्या आडोशामुळे तिथे जमिनीत मुरण्याइतका पाऊसही पोचत नव्हता. इंग्लंडमध्ये कोरडी जागा शोधायची तर नशीब लागतं, ते मला लाभलं होतं. काका कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "एवढी चिंता काय करतेस? थोडं पाणी घाल की गं. आम्ही कारखान्यात हेच करायचो." मी म्हटलं, "काका, तुम्ही ऐंशीचे झालात की रोज कोण घालणार? उद्या लवकर येते आणि आणखी खोल ठोकते."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता पोचले. घर सोडताना माझी लेक, ती इथेच जन्मली, मला मिठी मारून म्हणाली होती, "आई, तुझा एक्झाम मस्त होणार आहे, डोन्ट वरी." सळई ठोकायच्या आधी आत जाऊन सहज पुन्हा मीटर लावला, तर एकशेतीस. पुन्हा लावला. एकशेतीसच. काल सळईभोवतीची माती सैल असेल, रात्रीत बसली असेल, अशी माझी मीच समजूत घातली. बाहेर जाऊन सळईवरचं झाकण उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी ती दोन मिनिटं काढली नाहीत, अण्णा. मला ते एकशेतीस हवं होतं. मी ते कागदावर लिहून टाकलं आणि हात धुऊन चिवडा खात बसले.

दहाला तपासनीस आला. उंच, पिकल्या मिशांचा, इथलाच. "ऑल राइट, मी डक?" म्हणाला; इथले लोक लाडात आले की माणसाला 'माझ्या बदका' म्हणतात. मग त्याने एकेक करून सगळं तपासलं. झाकण बंद करून त्यावर बोट फिरवलं, स्क्रू पिळून बघितले, स्विच किती वेळात पडतो ते मोजलं. शेवटी अर्थचा मीटर लावला. एकशेतीस. माझ्या कागदावरही एकशेतीस. त्याने मान हलवली आणि पेन काढलं. तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि मराठीत, अगदी सहज, मला म्हणाल्या, "बघ ना, ह्यांना आज पहाटेपासून काय वेड लागलंय. पोर्चच्या कडेला झारीने पाणी घालतायत. चार झाऱ्या ओतल्या! तिथे एक झाड नाही."

काका दारात उभे होते. पायात मातीने भरलेले गमबूट. त्यांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच खूण केली, गप. तपासनिसाला मराठीचा म सुद्धा कळत नव्हता. तो काकूंना "थँक्यू" म्हणाला आणि त्याने पेन कागदाला टेकवलं. कोणी मला काही विचारलं नव्हतं. अण्णा, त्या घटकेला मला तुमचा ओला शर्ट दिसला, सायकल दिसली, दुकानाची पायरी दिसली. तोंड बंद ठेवणारा माणूस लागतो. एक मिनिट गप्प बसलं की झालं. काम चांगलंच होतं, सॉकेट चांगला होता, स्विच चांगला होता, आणि काका काही शत्रू नव्हते, माझ्यासाठीच पहाटे उठले होते. मी तोंड उघडलं तर त्यांच्याच घरात, त्यांच्याच पाहुण्यासमोर, त्यांना खाली बघायला लावणार होते. बाराव्या वर्षी बोलले तेव्हा मला कशाचीच किंमत माहीत नव्हती. या वेळी सगळी माहीत होती.

मी इंग्रजीत म्हटलं, "सर, लिहू नका. हे रीडिंग खरं नाही. तिथे आज सकाळी पाणी ओतलंय. काल कोरड्यात तीनशेचाळीस होतं."

त्याने पेन खाली ठेवलं. काकांकडे बघितलं, त्यांच्या बुटांकडे बघितलं. काका वळून आत निघून गेले. मग तो मला म्हणाला, "बरं. मग आता काय करणार?" ओरडला नाही, उपदेश केला नाही. मी म्हटलं, "नवी सळई. दुसऱ्या जागी, जिथे पाणी घातलेलं नाही. आणि दुप्पट खोल." त्याने घड्याळ बघितलं. "जवळच मला एक काम आहे. एक वाजता येतो. एकच्या पुढे नाही."

मी त्या सळईपासून चार पावलं दूर, पोर्चच्या दुसऱ्या कडेला, कोरड्या जागी गुडघे टेकले आणि ठोकायला लागले. पहिले दोन फूट नुसती खडी. प्रत्येक घावाला हात झिणझिणत होते. मग काका बाहेर आले. त्यांनी सळई पक्कडीने धरून सरळ उभी केली, मी स्टुलावर चढून हातोडा मारत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "जिद्दी आहेस. तुझे वडील काय करायचे?"

"वायरमन होते. इचलकरंजीला."

"मग त्यांनी नाही शिकवलं पाणी घालायला?"

"शिकवलं की. मोजून पाच बादल्या."

काका एवढे जोरात हसले की सळई हातातून सुटली. मलाही हसू आवरेना. आतून काकू ओरडल्या, "काय चाललंय रे तुमचं, भजी करू का?" पहिली सळई संपली, तिच्या डोक्यावर दुसरी जोडली, आणि पाच-साडेपाच फुटांवर आवाज बदलला. ठणठण जाऊन धप्प. खालची चिकणमाती लागली होती. वर्षानुवर्षं कोणी एक थेंब न घालता ओली राहणारी माती. तुम्हाला ती हातात घेऊन दाखवावी असं वाटलं.

एकला पाच मिनिटं असताना तो आला. आधी बाहेर जाऊन खाली वाकून सळईभोवतीची माती बोटांनी चाचपली, कोरडी आहे ना ते बघितलं. मग मीटर लावला. अठ्ठावन्न. त्याने पुन्हा लावला. अठ्ठावन्न. आरसीडी पुन्हा पाडून बघितला, तोही चोख. मग खुर्ची ओढून बसला, चकली तोंडात टाकली आणि सही केली. मी काकूंच्या गळ्यात पडले. काकूंच्या हाताला भजीचं पीठ होतं, ते माझ्या पाठीला लागलं ते लागलंच.

दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी काकांनी मंडळातल्या निम्म्या लोकांना बोलावलं होतं. कंदिलाला आता नवी तीन तारांची वायर, सांगाडाही अर्थला जोडलेला, पत्रांची फट मोकळी. बारीक पाऊस पडत होता आणि कोणीही पिशवी नीट करायला धावत नव्हतं. काका येणाऱ्या प्रत्येकाला हॉलमध्ये नेऊन आरसीडीचं बटण दाबून दाखवत होते. कंदील विझायचा, बायका "अगंबाई" म्हणायच्या, काका पुन्हा लावायचे. "दर तीन महिन्यांनी टेस्ट करायचं असतं," ते सांगत होते, आणि त्या एका संध्याकाळी त्यांनी पुढच्या दोन वर्षांच्या टेस्ट उरकल्या. सळईचा किस्साही स्वतःच सांगितला, स्वतःच्या झारीसकट, आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवून, "ही बाई आपल्यालासुद्धा सोडत नाही, हिलाच बोलवा." लक्ष्मीपूजनापर्यंत माझ्याकडे नऊ घरांची कामं आली. सगळ्यांच्या दारात वायर फटीतूनच गेलेली होती, अण्णा. त्या संध्याकाळी निघताना गाडीतून मागे वळून बघितलं तर पोर्चमध्ये तो कंदील वाऱ्याने हलत होता आणि मी एकटीच मोठमोठ्याने गात घरी आले. मला गाता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे.

मी तुमच्यावर बत्तीस वर्षं रागावले होते. तो राग गेला असं म्हणणार नाही, पण त्या दिवशी काकांचा चेहरा बघितल्यावर तुमचाही जरा कळला. तुमचा खड्डा चांगला होता. तुम्ही लबाड नव्हतात, घाबरला होतात. मीसुद्धा घाबरले होते. फरक एवढाच की मी बोलले, आणि बोलून जिंकले. या धंद्याला तोंड बंद ठेवणारा माणूस लागत नाही. तुम्ही चुकलात, मी बरोबर होते, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहून गेलं याचं मला फार वाईट वाटतं.

हा कागद आता घडी करून सर्टिफिकेटच्या मागे ठेवीन. टपालात टाकायला पत्ता कुठला? दुकान विकलं, तिथे आता मोबाइल मिळतात. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय उठवत नाही. सही झाल्यावर तपासनीस गाडीकडे निघाला, मी त्याला सोडायला बाहेर गेले. त्याने विचारलं, एवढं नीट काम कोणाकडे शिकलीस? मी म्हटलं, वडिलांकडे. तो म्हणाला, "मग आज ते फार खूश होतील." मी म्हटलं, "हो, आता घरी गेले की फोन करते. ते वाटच बघत असतील." त्या दिवसभरात मी तेवढं एकच खोटं बोलले.